शेषेरावांचं कलम अकरा

प्रिय ओंकार आणि मृण्मयी,

गेल्या महिन्यात फोनवर ओंकार त्याच्या नव्या कामाबद्दल सांगत होता. त्याची कंपनी सॉफ्टवेअर विकते. ते सुरू करण्याआधी पडद्यावर एक लांबलचक करार येतो आणि खाली 'मला मान्य आहे' असं बटण असतं. तो करार लिहिणाऱ्या लोकांत आता ओंकार आहे. मी विचारलं, "एवढा मोठा कशाला लिहिता रे?" तो म्हणाला, "आजी, लांबीचं काय घेऊन बसलीस? ते जगात कुणीच वाचत नाही." मृण्मयी मागून हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

कारण एका माणसाने असा एक करार वाचला होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आपल्या नेकनूरच्या घराच्या ओट्यावर बसून, तीन दुपारी. वाचून दाखवणारी मी होते. त्या माणसाचं पुढे काय झालं आणि त्यात माझा हात किती होता, हे मी तुमच्या आईबाबांनाही सांगितलेलं नाही. ओंकार आता करार लिहिणाऱ्यांत जाऊन बसला आहे, तेव्हा त्याला ते ठाऊक असायला हवं. तुम्हाला इंग्रजी वाचणं सोपं गेलं असतं, हे मला माहीत आहे. तरी मी मराठीत लिहिते आहे. का, ते पुढे कळेल.

शेषेरावांचं दुकान नेकनूरच्या बसस्टँडसमोर होतं. पत्र्याची लहानशी खोली, आणि वर त्यांनीच रंगवलेली पाटी, 'मल्हार टायपिंग व डीटीपी'. डीटीपी म्हणजे संगणकावर अक्षरं जुळवून छापायला तयार करून देणं. लग्नपत्रिका, दहाव्याची पत्रं, तहसीलचे अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं तिथून निघे. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून प्रश्नपत्रिकांसाठी माझं जाणंयेणं होतं. शेषेराव माझे विद्यार्थी नव्हते. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असतील. पण शाळेतली बाई म्हणजे साऱ्या गावाचीच बाई, तशी मी त्यांचीही 'बाई' होते.

त्यांच्या घरात मेंढरं. वडील, चुलते, भाऊ सगळे कळपामागे पार आष्टीच्या रानापर्यंत फिरणारे. शेषेरावही पंधरा वर्षांचे होईपर्यंत फिरले. मग पाय मोडला म्हणून एक वर्ष गावात राहिले आणि त्या वर्षात टायपिंग शिकले. पाय बरा झाला तरी ते कळपाकडे परत गेले नाहीत. कळपाची एक सवय मात्र राहून गेली. ते उभ्याने टाइप करत. संगणक त्यांनी उंच फळीवर ठेवला होता, आणि त्याच्यासमोर एका पायावर, दुसरं पाऊल गुडघ्याला टेकवून, काठीवर रेलावं तसे तासन्‌तास उभे राहत. खुर्ची होती ती गिऱ्हाइकासाठी.

"बसा की शेषेराव," मी म्हणायची.

"बसलं की ध्यान जातंय, बाई."

छापलेला मजकूर तपासायची त्यांची रीतही कळपातलीच होती. पत्रिका ते खालून वर वाचत. आधी 'आपले नम्र', मग मामा-मावश्या, मग मुहूर्त, आणि सगळ्यांत शेवटी वरचा गणपती. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "कळप मोजताना आमी मागून मोजतो. लंगडतंय, दुखतंय ते मेंढरू मागं ऱ्हातंय. चूक बी तशीच हाय. लिवणारा दमला की शेवटाला करतो." पुढच्या वर्षापासून मी दहावीच्या मुलांना निबंध उलटा तपासायला शिकवलं. मुलांच्या चुका खरंच कमी झाल्या. ही युक्ती कुणाची, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

त्यांचा सगळ्यांत मोठा हट्ट वाचण्याचा होता. एसटीच्या तिकिटाच्या मागचं, खताच्या पोत्यावरचं, औषधाच्या खोक्यावरचं बारीक अक्षर ते वाचत. 'अटी लागू' असं कुठे दिसलं की विचारत, "कोणत्या?" दुकानदार वैतागत. "वाचल्याबिगर हो म्हणायचं न्हाई," हे त्यांचं वाक्य बसस्टँडवर पोरं त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत.

दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हाही त्याच हट्टाचा भाग. एकदा मी गेले तेव्हा दुकानात गावचे एक पुढारी पुतण्याची पत्रिका करायला बसले होते. पत्रिकेवर त्यांना एका मोठ्या साहेबांचा फोटो हवा होता.

"त्यांना इचारलंय का?" शेषेराव म्हणाले.

"इचारायचं कावून? फोटोच हाय."

"त्यांचा हाय म्हणून."

"अबे शेषा, साहेबांचा फोटो म्हंजे काय साहेबांची म्हैस हाय का?"

"म्हैस असती तर आधी इचारलं असतं तुमी."

खुर्चीतले पुढारी आधी लाल झाले, मग हसले, आणि त्यांनी खरंच तिथून फोन लावला. फोटो शेवटी छापला गेला. साहेबांना पुतण्याचं लग्न आहे हे त्या फोनमुळे कळलं आणि ते लग्नाला आले, म्हणून पुढारी पुढे वर्षभर शेषेरावांना मानत होते.

अशा माणसाने चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं शक्य नव्हतं. त्या काळी आष्टीपासून दिंद्रुडपर्यंत सगळे डीटीपीवाले मराठी अक्षरांसाठी एकच सॉफ्टवेअर वापरत, आणि माझ्या माहितीत कुणीही ते विकत घेतलेलं नव्हतं. एकाने दुसऱ्याला कॉपी करून द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेषेरावांनी आपल्या वाट्याची मेंढरं विकली आणि बीडच्या विक्रेत्याकडून अस्सल घेतलं. अस्सलबरोबर काडेपेटीएवढं एक कुलूप येई. ते संगणकाच्या पाठीमागे खोचलं तरच सॉफ्टवेअर चाले. संध्याकाळी दुकान बंद करताना शेषेराव ते काढून काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालत.

शेजारी बंडूचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्याकडेही तेच सॉफ्टवेअर, अर्थात कॉपी केलेलं. तो येताजाता चिडवी.

"काय नाना, अस्सल सॉफ्टवेअरनं नवरी जास्त गोरी दिसती का पत्रिकेत?"

"पत्रिकेत नवरी दिसत न्हाई, बंडू. नाव दिसतं. ते तरी खऱ्यावर टाइप हू दे."

सॉफ्टवेअर आणलं त्याच दिवशी दुपारी शेषेराव आमच्या ओट्यावर आले. एका हातात पेटीतली इंग्रजी पुस्तिका, दुसऱ्या हातात कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली नवी वही.

"बाई, पडद्यावर 'मान्य आहे' असं बटण आलंय. दाबायच्या आधी एवढं वाचून सांगा. संगणक तसाच ठेवून आलोय."

मला हसू आलं. मी म्हटलं, "ते सगळेच दाबतात हो."

"दाबू द्या."

तीन दुपारी आम्ही वाचलं. मी एक कलम इंग्रजीत वाचायचे, मराठीत सांगायचे, ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचे. पहिल्याच कलमाला अडले. मालकी कंपनीचीच राहील, असं त्यात होतं.

"इकत घेऊन बी त्यांचंच?"

"त्यांचंच. तुम्हाला फक्त वापरायची मुभा."

त्यांनी वहीत 'त्यांचंच' असं लिहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मेंढरं बसवल्यावानी हाय." मला कळलं नाही, तेव्हा समजावून सांगितलं. पीक निघालं की शेतकरी खतासाठी कळप आपल्या रानात बसवून घेतो. रान त्याचं, मेंढरं धनगराची, बदल्यात ज्वारी ठरलेली. "रान काय आपलं होत न्हाई. ऊठ म्हणला की उठायचं. पण ठरल्यालं त्यानं बी द्यावं लागतंय. आन त्याच्या उघड्या हिरीत मेंढरू पडलं तर भरपाई त्याची. दोन्हीकडची बोली असती. तशी ह्यांची काय बोली हाय का, ते बघा पुढं."

ती शोधत आम्ही दुसऱ्या दुपारी अकराव्या कलमाशी पोहोचलो. शेषेरावांनी वहीत लिहिलं, 'कुलूप बिघडले तर बिघडलेले कुलूप व मूळ पावती पाठवावी. कंपनी दुसरे देईल.' खाली दोन रेघा मारल्या. "झालं. बोली हाय," म्हणाले. तिसऱ्या दुपारी उरलेली कलमं संपवली आणि मगच दुकानात जाऊन बटण दाबलं.

पेटीत एक कार्डही होतं. आपलं नाव-पत्ता भरून कंपनीला पाठवायचं. ते त्यांनी माझ्याकडून भरून घेतलं. मी मोठ्या, सुबक इंग्रजी अक्षरांत भरलं. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे.

सात-आठ वर्षं सुरळीत गेली. मग एका उन्हाळ्यात, ऊसतोडीची माणसं कारखान्यांवरून परतली होती आणि लग्नपत्रिकांची रांग लागली होती, तेव्हा गेलेली लाइट भडकून आली. संगणक वाचला, कुलूप गेलं. पडद्यावर एकच चौकट येई, 'कुलूप सापडत नाही.' बीडच्या विक्रेत्याच्या जागी तोवर मोबाइलचं दुकान झालं होतं. शेषेरावांनी कंपनीला फोन लावला, आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन तो मला ऐकवला.

"एक बाई सारखी म्हणती, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा हाय. मी बी तिला म्हणलं, आमच्यासाठी लई हाय. अर्ध्या घंट्यानं एक पोरगं आलं. म्हणलं, ते जुनं झालं, आता नवं घ्या. मी म्हणलं, कलम अकरा. ते म्हणलं, काय?" शेषेराव थांबले. "त्यानं वाचलेलं न्हवतं, बाई. त्यांच्याच कंपनीचं."

त्यांनी मेलेलं कुलूप आणि मूळ पावती रजिस्टर पोस्टाने पाठवली. कंपनीचा शिक्का असलेली पोचपावती आली. बाकी काहीच आलं नाही. सहा आठवडे त्यांनी दुकान बंद ठेवलं. तारखा जवळ आलेल्या पत्रिका गिऱ्हाइकं परत नेऊ लागली. शेवटी बंडूने आपली कॉपी आणून त्यांच्या संगणकावर घातली. ती कुलपाशिवाय चाले. त्या दिवशी शेषेराव मुद्दाम मला विचारायला आले होते.

"कुलूप त्यांच्या हातात हाय. पोचपावती माझ्या हातात. मंग मी वापरतोय ते माझंच हाय का न्हाई?"

"आहे," मी म्हटलं. हे मी म्हटलं होतं, ते लक्षात ठेवा.

पुढे दोन महिन्यांनी परीटघडीचा शर्ट घातलेला एक परका माणूस दुकानात आला. त्याने भाड्याचा करारनामा टाइप करून घेतला. शेषेरावांनी त्याला चहा पाजला. चहा पिता पिता त्याने मोबाइलवर पडद्याचे फोटो काढले. मग कंपनीच्या वकिलाची इंग्रजी नोटीस आली. विनापरवाना वापर केला आहे, पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर कारवाई. बंडूला नोटीस आली नाही. दिंद्रुडच्या, आष्टीच्या कुणालाही आली नाही. या सगळ्या भागात कंपनीकडे एकच पत्ता होता, आणि तो माझ्या अक्षरात होता.

शेषेराव नोटीस, वही आणि पोचपावती घेऊन आले. मी बसायला सांगितलं तरी ओट्याच्या खांबाशी एका पायावर उभे राहिले.

"बाई, मला दुसरं कायबी नको. कुलूप बी नको. त्यांनी फक्त लिहून द्यावं की हा माणूस चोर न्हाई. मी ते दुकानात लावीन. तुमी असं लिवा, मी चोर न्हाई, कलम अकरा बघा, ही पोचपावती बघा."

एवढंच लिहायचं होतं. तीन वाक्यं. पण अठ्ठावीस वर्षं मी मुलांना पत्रलेखन शिकवलं होतं. इंग्रजी पत्र भांडत नाही, असं मी शिकवी. आधी दिलगिरी, मग विनंती, मग आभार. मी माझं चांगलं पॅड काढलं आणि लिहायला बसले. पहिलंच वाक्य 'आय सिन्सिअरली रिग्रेट' असं सुरू झालं. झालेल्या विनापरवाना वापराबद्दल मी मनापासून दिलगीर आहे आणि क्षमा मागतो, असा त्याचा अर्थ. पुढे परिस्थितीचा सहानुभूतीने विचार व्हावा, वगैरे. पत्र मला फार आवडलं. त्यात एक चूक नव्हती.

मी ते मराठीत सांगितलं. तेव्हाही 'दिलगीर आहे' एवढंच सांगितलं. कशाबद्दल, ते सांगायची मला गरज वाटली नाही.

"ह्यात कलम अकरा कुठं आलं?"

"ते राखून ठेवू. पहिल्याच पत्रात कलमं दाखवली की उद्धटपणा वाटतो."

"आन पोचपावती?"

"मागितली की पाठवू."

"आन मी चोर न्हाई, हे?"

"ते आलंच की त्यात. इतक्या नम्रपणे लिहिणाऱ्याला चोर कोण म्हणेल?"

"दिलगिरी म्हंजे चूक झाली, असं न्हाई का होत?"

"नाही हो. ती लिहायची पद्धत असते."

कागद त्यांच्या हातात होता आणि त्यांना तो वाचता येत नव्हता. एसटीचं तिकीट वाचल्याशिवाय खिशात न घालणारे शेषेराव. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमी लिवलंय म्हणल्यावर मी वाचल्यासारखंच हाय." आणि सही केली. वही आणि पोचपावती माझ्याकडे ठेवायला दिली, मागितली की पाठवायला बरी म्हणून.

उत्तर लवकर आलं. ते घेऊन शेषेराव आले, तसेच खांबाशी उभे राहिले, आणि मी ते मराठीत करत मोठ्याने वाचू लागले. दुसऱ्या परिच्छेदात माझं वाक्य अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं छापलं होतं. खाली लिहिलं होतं की, आपण स्वतःच विनापरवाना वापराची लेखी कबुली दिली असल्याने आता वेगळ्या चौकशीची गरज उरलेली नाही. तिसऱ्या परिच्छेदात होतं, हमीपत्रावर सही करून सॉफ्टवेअर आणि त्यात केलेलं सर्व काम पंधरा दिवसांत नष्ट करावं.

दुसरा परिच्छेद मी वगळला. थांबलेही नाही. पहिल्यावरून सरळ तिसऱ्यावर गेले.

"म्हंजे काय म्हणत्यात?"

"त्यांना आपलं म्हणणं पटलं नाही, शेषेराव."

त्यांनी उचललेला पाय ओट्यावर टेकवला. मग म्हणाले, "तुमच्या इंग्रजीनं बी पटलं न्हाई, म्हंजे माझंच कायतरी चुकलं आसंल. सहा आठवडे थांबलो. आनखी थांबाया पायजे होतं का, बाई?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. हातात पंधरा दिवस होते. कलम अकरा आणि पोचपावती लावून दुसरं पत्र पाठवता आलं असतं. पण दुसरं पत्र का, हे सांगायचं तर पहिल्यात काय होतं ते सांगावं लागलं असतं. गावात ज्यांच्या इंग्रजीला नाव होतं त्या बाईंनी एका प्रामाणिक माणसाच्या नावावर चोरीची कबुली लिहिली, हे त्या बाईंनाच सांगावं लागलं असतं. त्या संध्याकाळी तुमच्या आजोबांनी टेबलावरचं ते उत्तर वाचलं. म्हणाले, "तू मधलं वाचलं नाहीस त्याला." मी भाजी निवडत होते. "उद्या सांगून टाक," एवढंच म्हणाले. ते त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही, आणि मीही नाही.

हमीपत्राचा छापील कागद घेऊन शेषेराव शेवटचे आले तेव्हा मी म्हटलं, वाचून दाखवते.

"वाचायचं न्हाई आता. सही कुठं, तेवढं सांगा."

मी बोट ठेवलं. त्यांनी सही केली.

दुकान बंद झालं. नेकनूरची सात-आठ वर्षांची लग्नं, बारशी आणि दहावे त्या संगणकात होते, ते त्यांनी स्वतः पुसले. पाटी उतरवली आणि भावाच्या कळपात गेले. बंडूचं दुकान पुढे चालू राहिलं. एकदा मला म्हणाला, "बघा बाई, आमी समदे चोर मोकळे, आन अस्सल घेणारा सापडला." चिडवायला म्हणाला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी छत्री उघडून पुढे निघाले.

त्यानंतर आम्ही बीडला राहायला आलो, आजोबा गेले, आणि नेकनूरचा रस्ता मी जवळजवळ सोडला. ओंकारच्या फोननंतर मात्र मी कपाटातली निळी फाइल काढली. वही, पोचपावती, माझ्या पत्राचा कच्चा खर्डा, सगळं लावलेल्या क्रमाने होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळच्या एसटीने नेकनूरला गेले.

मेंढ्यांच्या बाजारात ते मला दुरूनच ओळखू आले. केस पांढरे, चष्मा जाड, पण तसेच एका पायावर. मला बघून पाय खाली टेकवला.

"बाई? तुमी इकडं कावून?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पहिल्या पत्रात मी त्यांच्या नावाने कबुली लिहिली होती. उत्तरात तीच होती. मी ती वगळून वाचली होती. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, त्यांनी त्याला एका मेंढीचे दात दाखवले, भाव जमला नाही, ते गेलं. मग माझ्याकडे वळले.

"मराठीत काय होतं ते वाक्य?"

मी सांगितलं.

"पुना सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"मी असं म्हणलो नसतो."

"नाही. तुम्ही म्हणाला नसतात."

"मंग त्यांना माझं म्हणणं कळलंच न्हाई."

"त्यांना ते कुणी सांगितलंच नाही, शेषेराव."

"एवढी वरसं मला वाटायचं," ते सावकाश म्हणाले, "समदं ऐकून घिऊन बी त्यांनी मला चोर म्हणलं."

ते रागावतील म्हणून मी थांबले होते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "वही हाय का संगं?"

मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती शेवटाकडून उघडली. शेवटचं पान कोरं होतं. खिशातला पेन काढून, वही गुडघ्यावर धरून लिहिलं, 'विनापरवाना वापर केला असे मी म्हणालो नाही. ते वाक्य माझे नाही.' सही केली. खालून वर एकदा वाचलं. मग वही माझ्यापुढे धरली.

"खाली तुमी लिवा. तुमचं हाय असं. आन मराठीत सही करा, मला वाचता आली पायजे."

आयुष्यभर मी इंग्रजीत सही केली आहे. बँकेत, शाळेच्या दाखल्यांवर, तुमच्या आईच्या लग्नाच्या नोंदणीवर. त्या दिवशी मेंढ्यांच्या बाजारात पहिल्यांदा मराठीत केली. अक्षर वाकडं आलं. शेषेरावांनी तेही खालून वर वाचलं आणि वही परत दिली.

"ठेवा तुमच्याकडंच. तुमच्याकडं कागद हरवत न्हाई."

ते टोचून बोलले की सहज, मला कळलं नाही. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच ते 'चहा घ्या' म्हणाले नाहीत. न विकलेली मेंढरं भाऊ रस्त्याला लावत होता. शेषेराव त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि बोट हलवत मोजू लागले, मागच्यापासून. मी एसटीत बसेपर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही.

ती कंपनी आता दुसऱ्या कंपनीने घेतली आहे, आणि ते सॉफ्टवेअर कुणी वापरत नाही. बंडूचं दुकानही नाही. वही आहे. माझ्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, निळ्या फायलीत. पहिली अडतीस पानं करार आहे, त्यांच्या अक्षरात. कलम अकरा एकोणिसाव्या पानावर, दोन रेघा मारलेलं, आणि पोचपावती तिथेच टाचलेली आहे. शेवटच्या पानावर एक वाक्य त्यांचं आहे आणि एक माझं, आणि दोन्ही सह्या वाचता येतात.